विमानतळ ते आकाशपाळणा : मधली रेल्वे कुणासाठी?

कॉलेजची सहल ठरायची असली की वर्गात हमखास दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हैदराबाद, रामोजी फिल्म सिटी. दुसरी म्हणते खोपोली, इमॅजिका. भांडण आठवडाभर चालतं आणि शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते : जायचं कशानं? मग ट्रॅव्हल्सवाल्याला फोन होतो, नाहीतर एसटी प्रासंगिक करारावर घेतली जाते. रात्रभर प्रवास, दिवसभर राइड्स, परत रात्रभर प्रवास. रेल्वेचं नाव कुणी काढत नाही. मुरुडला स्टेशन आहे, रूळ आहेत. पण त्या टोकाला पार्कच्या दारात स्टेशन नाही. मग रेल्वेनं जाऊन करायचं काय?

हा प्रश्न आत्ताच काढायचं कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता, सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी. हा विमानतळ रायगड जिल्ह्यात आहे आणि २०१३मध्ये सुरू झालेलं इमॅजिकाही रायगड जिल्ह्यातच, खालापूर तालुक्यात. म्हणजे राज्यातला सगळ्यात नवा मोठा विमानतळ आणि सगळ्यात गाजलेलं थीम पार्क एकाच जिल्ह्यात. मधे पनवेल, कर्जत, खोपोली ही रेल्वेची जुनी ठाणी. नकाशा बघितला की कुणालाही वाटेल, दोन्ही टोकं रुळांनी जोडून टाका की! जगात हे झालंय का? झालंय. पण कसं झालंय ते बघण्यासारखं आहे.

पॅरिस आणि शांघाय : गाडी दुसऱ्याच कामाची

पॅरिसजवळचं डिस्नेलँड १९९२मध्ये उघडलं. त्याच वर्षी पॅरिसची उपनगरी रेल्वे पार्कच्या दारापर्यंत आली. दोन वर्षांनी, १९९४मध्ये, तिथंच वेगवान टीजीव्ही गाडीचं स्टेशन झालं आणि चार्ल्स द गॉल विमानतळावरही टीजीव्हीचं स्टेशन आलं. आज या दोन स्टेशनांमधलं अंतर गाडी दहा-बारा मिनिटांत कापते. ऐकायला झकास! पण ही गाडी विमानतळ आणि पार्क जोडायला काढलेलीच नाही. देशाच्या उत्तरेकडची शहरं दक्षिणेकडच्या शहरांना पॅरिसमध्ये न शिरता जोडणारा तो मार्ग आहे. विमानतळ आणि पार्क हे त्या वाटेवरचे दोन थांबे. त्यामुळे गाड्या दिवसभरात मोजक्याच. वेळ जुळली तर उत्तम, नाहीतर बस पकडा.

शांघायमध्ये डिसेंबर २०२४मध्ये विमानतळ जोड मार्ग सुरू झाला. ताशी १६० किलोमीटर वेगाची गाडी. तीही डिस्नेच्या रिसॉर्टजवळ थांबते. पण तिचं मुख्य काम शहराचे दोन मोठे विमानतळ, होंगचियाओ आणि पुडोंग, एकमेकांना जोडणं. पार्क मधे लागतं म्हणून थांबा मिळाला.

हाँगकाँगमध्ये तर गंमतच आहे. तिथं डिस्नेलँडसाठी २००५पासून वेगळी छोटी मेट्रो आहे, खिडक्यासुद्धा मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. पण ती धावते सनी बे स्टेशन ते पार्क एवढीच. विमानतळाची एक्स्प्रेस त्याच बाजूनं जाते आणि सनी बेला न थांबता निघून जाते. विमानातून उतरलेल्या माणसाला गाडी बदलावीच लागते. टोकियोत डिस्नेलँड १९८३मध्ये उघडलं. दाराजवळ रेल्वे स्टेशन आलं १९८८मध्ये. म्हणजे पाच वर्षं लोक त्याशिवायच येत होते. आणि आलं तेही नोकरदारांच्या रोजच्या ये-जा मार्गावरचं एक स्टेशन म्हणून.

या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. फक्त विमानतळ ते पार्क असा मार्ग कुणी बांधलेला नाही. मोठा मार्ग दुसऱ्या कामाचा होता, पार्क त्यावर बसलं किंवा त्याला फांदी जोडली गेली.

ऑरलँडोचा घोळ

आता उलटं उदाहरण. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं ऑरलँडो म्हणजे थीम पार्कांची राजधानी. डिस्ने आहे, युनिव्हर्सल आहे, शिवाय मोठा विमानतळ. जोडायचं तर याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. तरीही आज विमानतळावर उतरलेला माणूस रेल्वेनं यातल्या एकाही पार्कला जाऊ शकत नाही.

ब्राइटलाइन या खासगी कंपनीची गाडी सप्टेंबर २०२३मध्ये मायामीहून ऑरलँडो विमानतळापर्यंत आली. तिथून पुढं डिस्नेच्या जागेत स्टेशन करायचं २०२०मध्ये जाहीर झालं होतं. मग वाद पेटला तो रूळ कुठून न्यायचे यावरून. एक मार्ग महामार्गाच्या कडेनं थेट डिस्नेकडे जाणारा. दुसरा मार्ग हॉटेलं, कन्व्हेन्शन सेंटर आणि युनिव्हर्सलच्या नव्या पार्कजवळून वळून जाणारा. युनिव्हर्सलनं दुसऱ्या मार्गाला जोर लावला, स्टेशनसाठी जमीन देऊ केली. पारडं तिकडं झुकलं तसं २०२२मध्ये डिस्नेनं आपल्या जागेतल्या स्टेशनमधून अंग काढून घेतलं. युनिव्हर्सलचं नवं पार्क मे २०२५मध्ये उघडलंसुद्धा, पण रूळ अजून कागदावरच.

आणखी एक गोष्ट. ऑरलँडोत सनरेल नावाची लोकल २०१४पासून आहे. ती विमानतळावर जात नाही, पार्कला जात नाही आणि शनिवार-रविवारी नेहमीची सेवा बंद असते. पर्यटनावर जगणाऱ्या शहरात सुट्टीच्या दिवशी लोकल बंद! पार्कमध्ये झाडू मारणारी, तिकिटं फाडणारी, बर्गर तळणारी पोरं-पोरी तुमच्याच वयाची असतात आणि त्यांची खरी ड्युटी शनिवार-रविवारीच असते. त्यांचा विचार मार्ग ठरवताना कुणी केला?

आपल्याकडचा धडा : दिल्ली आणि हैदराबाद

फार लांब जायला नको. दिल्लीची विमानतळ एक्स्प्रेस मेट्रो फेब्रुवारी २०११मध्ये सुरू झाली. खासगी कंपनी चालवत होती, तिकीट महाग होतं आणि गर्दी अंदाजापेक्षा कितीतरी कमी. २०१२मध्ये तांत्रिक दोषांमुळे सेवा काही महिने बंद पडली. जुलै २०१३मध्ये दिल्ली मेट्रोनं ती ताब्यात घेतली, नंतर तिकिटं स्वस्त केली आणि प्रवासी वाढले. जे डबे सूटकेसवाल्यांसाठी होते त्यात रोजचे नोकरदार बसायला लागले.

हैदराबादचं तर आपल्याला माहीतच आहे. शमशाबादचा विमानतळ २००८मध्ये सुरू झाला. आज इतक्या वर्षांनीही मेट्रो तिथं पोहोचलेली नाही. डिसेंबर २०२२मध्ये रायदुर्ग ते शमशाबाद मार्गाची कोनशिला बसली. वर्षभरानं सरकार बदललं आणि मार्गच बदलायचं ठरलं. ही मेट्रो जुन्या शहरातल्या लोकांकडून जावी की आयटीवाल्यांकडून, हा त्यातला खरा मुद्दा होता. पुन्हा तेच : रूळ कुठून?

आपल्या आजोबांच्या वेळची गोष्ट

हे सगळं मुरुडला नवीन नाही. आपल्या गावावरून जाणारा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला होता. म्हणून १८९७मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या कंपनीनं तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी अरुंद रूळ टाकले. १९०६मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११मध्ये लातूरला.

आता विचार करा. पंढरपूर म्हणजे त्या काळातला गर्दीचा सगळ्यात मोठा मुक्काम. आषाढी-कार्तिकीला डबे ओसंडून वाहायचे. पण वारी काही रोज नसते. वर्षभर रेल्वे चालवायची तर दुसरं गिऱ्हाईक लागतं, आणि ते होतं बार्शी-लातूरच्या बाजारपेठेचं : कापूस, धान्य, व्यापारी, तालुक्याला कामासाठी जाणारी माणसं. विठ्ठलानं डबे भरले. पण रोजचा खर्च भागवायला बाजाराचीही साथ लागली. थीम पार्कचंही तसंच आहे. मे महिन्यात, दिवाळीत, शनिवार-रविवारी उसळी. जुलैच्या मंगळवारी शुकशुकाट.

दुसरा धडा याहून मोठा. २००७-०८मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा जुन्याच रेषेवर रूळ टाकले नाहीत. आखणी वळवून उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, रेल्वेवर आणलं. जिल्ह्याचं ठिकाण असूनही ते शंभर वर्षं रेल्वेबाहेर होतं. नकाशावरची एक रेघ वाकवली आणि एका शहराचं नशीब बदललं. असं वळण आखणीच्या वेळी मिळतं. रूळ टाकून झाल्यावर नुसती निवेदनं द्यावी लागतात.

मग नवी मुंबई विमानतळाचं काय?

आता परत रायगडला येऊ. पनवेल ते कर्जत हा २९.६ किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग मुंबई रेल्वे विकास महामंडळानं हाती घेतलाय. खर्च २,७८२ कोटी रुपये. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत ही पाच स्टेशनं. तीन बोगदे, त्यातला वावर्ल्याचा २,६२५ मीटर लांब. या पट्ट्यात आधीपासून एकेरी मार्ग आहे, पण त्यावर लोकल नाही.

हा मार्ग इमॅजिकाच्या दारात जात नाही. चौकला उतरा नाहीतर खोपोलीला, पुढं गाडी करावीच लागेल. म्हणून काही जण म्हणतील, पार्कपर्यंत फांदी काढा. माझं मत उलटं आहे. फांदी नको. वर सांगितलेल्या काही उदाहरणांत फक्त बाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या भरवशावर आखलेली रेघ लटकली किंवा अडचणीत आली. रोजच्या माणसांची रेघ टिकली. चौक-कर्जतच्या गावांतून पनवेलला नोकरीला जाणारे, विमानतळावर सामान चढवणारे, हॉटेलात राबणारे हे या लोकलचे खरे मालक. ते भरपूर असले की गाड्या भरपूर धावतात आणि गाड्या भरपूर असल्या की सहलीला निघालेल्यालाही वाट बघावी लागत नाही. राहिलेल्या शेवटच्या काही किलोमीटरसाठी स्टेशनाबाहेर वेळेला जुळलेली बस उभी राहिली तरी पुरे. ते काम स्वस्त आहे आणि लवकर होण्यासारखं आहे. अट एकच, बसचं वेळापत्रक लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेलं पाहिजे.

आणि मुरुडचं काय?

मुंबईला जाणारी लातूर एक्स्प्रेस पुण्याहून घाट उतरते आणि कर्जतवरूनच कल्याणकडे जाते. म्हणजे पनवेल-कर्जत लोकल नियमित धावू लागली की आपल्याकडच्या माणसाला नवी मुंबई विमानतळ गाठायला मुंबईपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. कर्जतला उतरायचं, लोकलनं पनवेल, तिथून विमानतळ. परदेशात शिकायला निघालेली, आखाती देशात कामाला चाललेली पोरं आपल्याही गावात आहेत. आणि सहलीला निघालेल्या वर्गालाही तीच वाट उपयोगी.

पण ही वाट आपोआप तयार होत नाही. लांबच्या गाडीला कर्जतला सोयीच्या वेळी अधिकृत थांबा हवा, तिथून पहाटेची लोकल हवी, दोन्हींच्या वेळा जुळायला हव्यात. हे सगळं वेळापत्रकाचं काम आहे आणि वेळापत्रक आखलं जातं तेव्हा ज्यांनी मागितलं त्यांनाच मिळतं. आपला मार्ग मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. प्रत्येक विभागाची रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती असते. व्यापारी संघटना तिथं मागण्या पाठवतात, प्रवासी संघटना पाठवतात. कॉलेजांनी पाठवल्याचं कधी ऐकलंय?

तेव्हा या वर्षी सहलीचं भांडण झालं की एक काम करा. रामोजी की इमॅजिका हे नंतर ठरवा. आधी कागदावर मुरुड ते पार्क, रेल्वेनं, प्रत्येक टप्प्याचा वेळ आणि भाडं मांडा. कुठं किती तास वाया जातात, कोणता थांबा नाही, कोणती बस नाही, ते दिसेल. भूगोलवाल्यांना प्रोजेक्ट होईल, अर्थशास्त्रवाल्यांना सेमिनार होईल. त्याच कागदाखाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या की ते निवेदन होतं. रूळ एकदा पडले की वाकत नाहीत. वेळापत्रक मात्र दरवर्षी नव्यानं छापलं जातं.