शांततेचा लढा आणि मैदानाचा धडा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या. तेव्हापासून कामगारांमध्ये एकच प्रश्न फिरतो आहे : आता संप करायचा तरी कसा? प्रश्न रास्त आहे. चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन पूर्वी सार्वजनिक उपयोगी सेवांपुरते होते. ते आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागले आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तरी तो संपच. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. बेकायदा संपाला चिथावणी देणाऱ्यास दहा ते पन्नास हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

या संहितांविरुद्धचा लढा चालूच राहील. पण तो लढायला नेतृत्व कसले हवे, याचा विचार आपण करणार आहोत की नाही? आमचे स्पष्ट मत आहे की ते शांत हवे. शांत म्हणजे मवाळ नव्हे, आणि मालकाच्या दारात हात जोडून उभे राहणारे तर नव्हेच.

१९१८ सालचा अहमदाबादचा गिरणी लढा आठवा. प्लेगचा बोनस बंद झाला, महागाई वाढली. कामगार पन्नास टक्के वाढ मागत होते, मालक वीस टक्क्यांवर अडून बसले होते. गांधीजींनी आधी हिशेब तपासला आणि रास्त मागणी पस्तीस टक्के ठरवली. कामगारांनी शपथ घेतली : दंगा करायचा नाही, कामावर जाणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, भीक मागायची नाही. अनसूयाबेन साराभाई कामगारांच्या बाजूला, तर त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल मालकांच्या बाजूला. तीन आठवड्यांहून अधिक दिवस गेले, कामगार डळमळू लागले, तेव्हा गांधीजींनी उपवास धरला. अखेर प्रश्न लवादाकडे गेला आणि लवादाने पस्तीस टक्केच दिले. मागणी मोजून मापून केलेली होती, म्हणून ती टिकली.

अलीकडचे उदाहरण शेतकऱ्यांचे. २६ नोव्हेंबर २०२० पासून ते दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसले. २६ जानेवारी २०२१ रोजी लाल किल्ल्यावर गोंधळ झाला, तेव्हा आंदोलन संपले असेच अनेकांनी धरले होते. नेत्यांनी त्या प्रकाराशी संबंध नाकारला, लोकांना आवरले आणि ठाण मांडले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा सरकारला करावी लागली.

असे नेतृत्व केवळ अभ्यासवर्गात तयार होत नाही. आमच्या मते त्याची एक शाळा मैदानावर भरते. कबड्डीच पाहा. चढाई करणारा एकटा सात जणांत शिरतो. पण दम संपायच्या आत मध्यरेषेवर परतला नाही तर त्याचे शौर्य वाया. किती पुढे जायचे याइतकेच कधी परतायचे हेही त्याला कळावे लागते. पकड एकट्याची नसते, साखळीची असते. पंचांशी बोलायचे ते कप्तानाने, बाकीच्यांनी गप्प राहायचे. आणि गारद झालेला गडी कायमचा बाद होत नाही : साथीदारांनी गुण मिळवला की तो जिवंत होऊन मैदानात येतो. बडतर्फ झालेल्या कामगाराला परत कामावर कोण आणते, याचे याहून सोपे उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

मुंबईच्या गिरणगावात हे शिक्षण गल्लोगल्लीच्या मंडळांतून आणि व्यायामशाळांतून फुकट मिळत असे. आज मैदानेच कुठे उरली? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते : एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. शेडखालची जमीन मोजणीतून सुटली, तिच्यावर मॉल आणि टॉवर चढले. कामगाराच्या नातवाचे मैदान असे गेले, आणि त्यावर संघटनांनी घरांइतका आवाज उठवला नाही.

कंत्राटी कामगार, डिलिव्हरी करणारी पोरे, बांधकामावरचे परप्रांतीय बंधू आपल्या सभेला येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ते खेळायला येतील. प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा तरी कबड्डी किंवा खो-खोचे सामने भरवावेत. संघ कायम आणि कंत्राटी असे मिश्र असावेत, महिलांचे सामने वेगळ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी व्हावेत. आणि मागणीपत्रात पगार, भत्ता, घर यांच्याबरोबर वस्तीसाठी मैदान हेही एक कलम असावे.

चौदा दिवसांच्या नोटिशीचा काळ मालक फूट पाडायला वापरणार, हे उघड आहे. त्या चौदा दिवसांत साखळीतला हात सुटणार नाही, एवढी एकमेकांची ओळख आपल्याला आधीच करून ठेवावी लागेल.