नववीतला गळा

दहावीचे परीक्षा अर्ज भरून झाले की शाळांच्या कार्यालयात आणखी एका गठ्ठ्याची लगबग सुरू होते. वाढीव कला गुणांचे प्रस्ताव. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं, लोककलेच्या प्रयोगांचे दाखले, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या परीक्षांच्या साक्षांकित प्रती. क्लार्क कागद लावतो, मुख्याध्यापक सही-शिक्का करतात आणि गठ्ठा विभागीय मंडळाकडे रवाना होतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळांचा संगीताशी वर्षभरात येणारा सगळ्यात गंभीर संबंध एवढाच. बाकी मग स्नेहसंमेलन आणि समूहगीत स्पर्धा. त्यातही निवडलेली दहा-बारा मुलं गातात आणि उरलेली टाळ्या वाजवतात.

दहावीत कलेला गुण मिळायला लागले तेव्हा अनेकांना वाटलं, आता संगीताला शाळेत मानाचं पान मिळणार. पण शिकवतं कोण? गल्लीतला क्लास. फी भरतं कोण? पालक. परीक्षा घेणारी संस्था वेगळी, गुण देणारं मंडळ वेगळं. शाळेकडे उरतं ते पोस्टमनचं काम. शिवाय एखाद्या परीक्षेने भागत नाही, ओळीने काही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या लागतात. म्हणजे चौथी-पाचवीतच मुलाला क्लासला घालणारे, पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडणारे आईवडील असावे लागतात. ज्या गावात क्लासच नाही तिथल्या मुलीचा गळा कितीही गोड असो, शास्त्रीय संगीताचा रकाना तिच्यासाठी कोराच राहतो. लोककलेची वाट आहे म्हणतात. आहे, पण तिथेही प्रयोगांचा दाखला लागतो, आणि आजोबांबरोबर एकादशीला टाळ धरून उभ्या राहिलेल्या पोरीला दाखला कोण देणार?

हे गुण बंद करा असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे काही घरांत तबला माळ्यावरून खाली आला, हे खरंच आहे. पण त्याला कुणी शालेय संगीतशिक्षण म्हणू नये.

परीक्षांची ही शिडी मुळात उभी राहिली ती चांगल्या हेतूने. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. हा कुरुंदवाडचा माणूस, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तयार झालेला. गाणं तोवर गुरूच्या घरी, त्याच्या मर्जीने आणि संस्थानिकाच्या पैशावर चालायचं. पलुसकरांनी ते वर्गात आणलं. वेळापत्रक, पुस्तकं, नोटेशन आणि परीक्षा यांच्यासकट. गाणाऱ्यांकडे नाक मुरडणाऱ्या पांढरपेशा घरांनी मुला-मुलींना बिनघोर पाठवावं, यासाठी हा सगळा सरंजाम होता. तिकडे भातखंड्यांनी घराण्यांच्या तिजोरीतल्या बंदिशी जमवून ‘क्रमिक पुस्तकमालिका’ छापल्या. दोघांच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचं अंतर, पण गाणं वर्गात शिकवता येतं यावर दोघांचा विश्वास होता. पलुसकर 1931 मध्ये गेले. त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्यांनी आजही होतात. वर्गाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून आणलेली परीक्षा राहिली. सरकारी शाळेतला वर्ग मात्र कुणी उभाच केला नाही.

माध्यमिक शाळेने या गोष्टीत हात का घालावा, याचं माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण गळ्याशीच निगडित आहे, आणि त्याबद्दल शिक्षण खात्याच्या कुठल्याही कागदावर मी काही वाचलेलं नाही. आठवी-नववी हे आवाज फुटण्याचं वय. मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि काही महिन्यांत आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात तो कुठे लागेल याचा भरवसा नसतो. षड्ज लावायला जावं तर गळ्यातून भलतंच काहीतरी निघतं. वर्ग हसतो. मुलगा त्या दिवसापासून तोंड मिटतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते कायमचं मिटतं. मोठ्या पुरुषांना ‘तुम्ही गाता का’ विचारलं की ‘छे, आपला गळाच नाही’ असं ते सांगतात. गळा सगळ्यांना असतो. तो बदलत असताना कुणी जवळ बसून सांगितलेलं नसतं की बाबा, पट्टी खाली घे, जोर लावू नकोस, वर्षभर मंद्रात आणि मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात गुणगुणत राहा. मुलींचाही आवाज बदलतो. एवढा उतरत नाही, पण थोडा खाली येतो, काही काळ हवा मिसळल्यासारखा लागतो. त्यांना तर हे घडतंय याचीही कल्पना नसते. ‘हल्ली तुझा आवाज बसलाय’ म्हणून घरी काढे दिले जातात.

आता शाळेचा परिपाठ पाहा. पेटी काळी चारला लागलेली. पाचवीच्या मुलांना ती पट्टी बरी, नववीतल्या मुलींना चालून जाते, नववीतल्या मुलांना वरचा षड्ज गाठणं अशक्य. बहुतेक ठिकाणी तर पेटीही गेली. स्पीकरला मोबाइल जोडलेला असतो. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे 2023 मध्ये राज्यगीत झालं आणि शाळाशाळांत लागू लागलं, ही आनंदाची गोष्ट. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा गळा! पण तो कसलेला शाहिरी गळा आहे, वरच्या सुरांत लीलया फिरणारा. त्याच्या मागून चौदा वर्षांच्या पोराने काय गावं? तो ओठ हलवतो. रांगेत फिरणाऱ्या सरांनाही ओठ हललेले पुरतात.

भास्करबुवा बखल्यांची गोष्ट या संदर्भात आठवते. गोड गळ्याचा मुलगा म्हणून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमीवरचा भाव उतरला. दुसरा एखादा असता तर पडद्यामागची कामं करत राहिला असता. बुवा बडोद्याला फैजमहंमद खाँसाहेबांकडे गेले, रियाजाला बसले आणि पुढे इतके मोठे झाले की बालगंधर्वांसारखा शिष्य त्यांच्याकडे शिकला. पुण्यात 1911 साली सुरू झालेला भारत गायन समाज हे त्यांचंच काम. फुटलेल्या आवाजातून हा माणूस निभावला, कारण त्याच्यात जिद्द होती आणि वेळेवर गुरू भेटला. आपल्या आठवीच्या ‘ब’ तुकडीतल्या पोरांना कोण भेटतं?

शिक्षक नाहीत हे उत्तर मला पाठ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरावर असेल तर, कलेला अंशकालीन निदेशक द्यावा असं म्हटलं आहे. त्या निदेशकांच्या नेमणुका आणि मानधन यांची रडकथा हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण हा कायदा आठवीपाशी संपतो. नववी-दहावीला त्याची सावलीही पोचत नाही. तिथे ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ नावाचा श्रेणीचा विषय आहे, बालभारतीचं पुस्तकही आहे. पुस्तक वाईट नाही. पण वेळापत्रकातला हा तास बीजगणिताचं राहिलेलं प्रकरण संपवायच्या कामी येतो आणि वर्षाअखेरीस सगळ्यांना ‘अ’ श्रेणी मिळते. कलारसास्वाद न घेता ‘अ’!

नव्या शैक्षणिक धोरणाने कला हा मुख्य विषयांच्या पंगतीत बसवला आहे. एनसीईआरटीने सहावीसाठी काढलेल्या ‘कृति’ पुस्तकात चित्राबरोबर संगीत, नृत्य, नाट्यही आलं. कागदावर सगळं झकास आहे. माझी भीती वेगळी आहे. विषयाला वजन आलं की परीक्षा येईल, परीक्षा आली की गाइड येईल, आणि भूपाचे वर्ज्य स्वर कोणते याचं उत्तर भूप कधीही न ऐकलेली मुलं बिनचूक लिहितील. संगीतशास्त्राच्या लेखी पेपरात हे आजही घडतं. वादी-संवादी तोंडपाठ, आणि पेटीवर राग वाजवून दाखवला तर ओळखता येत नाही.

हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने उलटी वाट धरली होती. केचकेमेत या त्याच्या जन्मगावी 1950 मध्ये अशी शाळा सुरू झाली की जिथे साध्या घरची साधी मुलं रोज गायची. वाद्य नंतर; आधी गळा, आणि तोही आपल्या लोकगीतांवर घासलेला. कोदायच्या पद्धतीत ‘दो’ कुठल्याही पट्टीला धरता येतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपला षड्ज पहिल्यापासून तसाच आहे. म्हणजे फुटत्या आवाजाच्या मुलांसाठी लागणारी सोय आपल्या संगीतात आयतीच आहे. वर्गाचे दोन गट करा, एकाला काळी एक, दुसऱ्याला काळी चार. एकच अभंग आलटून पालटून घ्या. ज्याला त्या वर्षी अजिबातच गाता येत नाही त्याच्या हातात टाळी द्या. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजत बोल म्हणणं ही काही हलकी गोष्ट नाही. समेवर चाळीस टाळ्या एकत्र पडल्या की वर्गाचा चेहराच बदलतो. तानपुऱ्याचं ॲप प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर फुकट उतरवता येतं.

आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं नुसतं ऐकणं. त्यावर प्रश्न नकोत, टिपणं नकोत, ‘तुम्हाला काय वाटले ते पाच ओळीत लिहा’ तर मुळीच नको.

माणूस कुठून आणायचा, तर गावातूनच. भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्याला चाळीस मुलांना एका ठेक्यावर धरून ठेवणं जमतं, ती त्याची रोजची सवय आहे. शाहिरी पार्टीतला ढोलकीवाला असेल, चर्चच्या क्वायरचा मास्तर असेल, शहरात विशारद होऊन घरी बसलेल्या कितीतरी बाई असतील. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पॅरिश शाळांमधून मेस्त्र गावच्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या पोरांच्या पुढच्या पिढ्यांनी मुंबईच्या हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली ठळक नावं. त्या मेस्त्रांकडे कुणी अध्यापन पदविका मागितली नव्हती.

अडचण पैशाची आहे आणि ती खोटी नाही. आठवड्याला दोन तासांचं मानधन द्यायचं तर कोणत्या शीर्षाखाली दाखवायचं, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर काय, असं मुख्याध्यापक विचारतात. त्यांचं चुकत नाही. अनुदानित शाळेत चुकीच्या शीर्षाखाली दाखवलेल्या फुटकळ रकमेसाठी वर्षानुवर्षं खुलासे द्यावे लागतात. म्हणून स्थानिक कलावंताच्या तासिका-मानधनाचं स्वतंत्र शीर्ष शिक्षण विभागाने काढावं, नववीपासून पुढे लागू करावं आणि त्यासाठी पदवीची अट घालू नये. तोवर संस्थाचालकांनी आपल्या खिशातून सुरुवात करायला कुणाची हरकत असणार नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आणि डीजेवर एका संध्याकाळी जो खर्च होतो, त्यात एका पखवाजियाचं वर्षभराचं मानधन सहज बसेल. वेळापत्रकं मे महिन्यात ठरतात.