बसवलेल्या किडनीची राखण कोणी करायची?

किडनी बदलून आलेल्या माणसाला भेटायला वस्तीतले लोक जातात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते, "चला, सुटला बिचारा डायलिसिसमधून." परिचारिका म्हणून वॉर्डात बरीच वर्षे काढल्यावर मी सांगते, सुटका झालेली नसते. राखण सुरू झालेली असते.

एका मायलेकाची हकिगत सांगते. मुलगा तिशीचा, टेम्पो चालवणारा. आईने त्याला आपली किडनी दिली. पहिले वर्ष चांगले गेले. पुढे फेरतपासणी म्हटली की दिवसाचा खाडा, गाडीभाडे आणि वर तपासणीचे पैसे. "दुखत नाही, खुपत नाही, पुढच्या महिन्यात जाऊ," असे करता करता चार महिने गेले. आला तेव्हा क्रिएटिनिन तीनच्या पुढे गेले होते. शरीराने ती किडनी नाकारायला सुरुवात करून बराच काळ लोटला होता. औषधे दिली, पण किडनी वाचली नाही. आई मला म्हणाली, "सिस्टर, माझी दुसरी घ्या ना." एक आई एकदाच किडनी देऊ शकते, हे तिला समजावण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

"पेशंटने निष्काळजीपणा केला," असे म्हणून सगळे मोकळे झाले. माझे भांडण इथेच आहे.

किडनी नाकारली जाते म्हणजे काय? आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशी बसवलेल्या किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करतात. त्यांना आवरण्यासाठी टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज, वेळेवर आणि किडनी चालते तोवर घ्याव्या लागतात. हा हल्ला पुष्कळदा मुकाट्याने होतो. ताप नाही, दुखणे नाही. आपण ज्या क्रिएटिनिनवर विसंबतो, ते वाढते तेव्हा किडनीचे नुकसान बऱ्याचदा होऊन गेलेले असते. शिवाय जुलाब झाले, पाणी कमी पडले किंवा गोळीचा डोस जास्त झाला, तरी क्रिएटिनिन वाढते. खरे कारण कळायला बायोप्सी करावी लागते, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. त्यात रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. दर महिन्याला कोणी सुई टोचून घेणार नाही.

म्हणून सुई न टोचता हल्ल्याची चाहूल घेण्याचे मार्ग शास्त्रज्ञ शोधत आहेत. त्यातले दोन आपल्याला माहीत असायला हवेत.

पहिला रक्तातला. आईची किडनी मुलाला बसवली, की मुलाच्या रक्तात आईच्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत राहतात. किडनीला इजा झाली की ते वाढतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या एकूण डीएनएपैकी दात्याचा वाटा एक टक्क्याच्या वर गेला, तर रिजेक्शनची शंका घ्यावी, असे दिसले. त्याच वर्षी तिथली सरकारी विमा योजना मेडिकेअर या चाचणीचे पैसे देऊ लागली. चाचणी महाग आहे.

दुसरा मार्ग लघवीतला. पहारेकरी पेशींना हल्ल्यासाठी बोलावणारी काही प्रथिने असतात. त्यांतली सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० ही दोन किडनीत जळजळ सुरू झाली की लघवीत वाढतात. ती एलायझा पद्धतीने मोजता येतात. आपल्या सरकारी प्रयोगशाळांत डेंग्यूची तपासणी होते, ती याच पद्धतीने. लघवी द्यायला ना सुई लागते, ना भीती वाटते.

मग ही चाचणी आली की प्रश्न मिटला का? नाही. लघवीत जंतुसंसर्ग असला किंवा बीके नावाच्या विषाणूने किडनी धरली, तरी ही प्रथिने वाढतात. स्वित्झर्लंडमध्ये २४१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लघवीतल्या सीएक्ससीएल-१० वर लक्ष ठेवले म्हणून वर्षअखेरीस रुग्णांच्या प्रकृतीत फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. चाचणी इशारा देते, उपचार देत नाही. शेवटचा निर्णय आजही बायोप्सीच करते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. खासगी लॅबच्या जाहिराती पाहून महागड्या चाचणीसाठी कोणी अंगावरचे सोने गहाण टाकू नये. आधी डॉक्टरांना विचारा, "या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलणार आहे?" उत्तर पटले तरच पुढे जा.

पण म्हणून नवे शास्त्र श्रीमंतांसाठी आणि आपल्याला जुनाच केसपेपर, हेही मला मान्य नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किडनी प्रत्यारोपणाला मदत मिळते, ही मोठी गोष्ट आहे. मात्र मी पाहिलेल्या घरांत ऑपरेशन निभावते आणि पुढच्या तपासण्यांत घर खचते. आपण दोन गोष्टी मागायला हव्यात. एक, क्रिएटिनिन, लघवीतले प्रथिन, औषधाची रक्तातली पातळी आणि गरज पडल्यास बायोप्सी, हे सारे ऑपरेशननंतरही वर्षानुवर्षे मोफत व्हावे, आणि रक्त-लघवीचे नमुने जवळच्या सरकारी दवाखान्यात घेतले जावेत. चार महिन्यांचा खाडा मग पडणार नाही. दोन, लघवीच्या चाचणीचा अभ्यास सरकारी मेडिकल कॉलेजांनी इथल्या रुग्णांवर, त्यांची संमती घेऊन आणि त्यांच्याकडून पैसे न घेता करावा. आपल्याकडे टीबी आणि इतर संसर्ग जास्त. परदेशातला आकडा इथे तसाच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते सोडू नका. औषधाची पातळी तपासायला जाताना सकाळची गोळी घेऊ नका. ती सोबत न्या आणि रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेऊन रक्त दिले, तर आकडा फसवा येतो. टीबीचे रिफॅम्पिसिन ही पातळी खाली आणते, तर बुरशीवरची काही औषधे ती वर नेतात. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी "मला किडनी बसवली आहे" हे पहिल्यांदा सांगा. दुखण्याची गोळी किंवा प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा मनाने घेऊ नका. लघवी कमी झाली, पायावर सूज आली, वजन एकदम वाढले, ताप आला किंवा किडनीच्या जागी दुखले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि यातले काहीच नसले, तरीही ठरलेली तारीख चुकवू नका.

योजनेत काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नाही म्हणाला, तर लेखी मागा. वस्तीत कोणाला किडनी बसवली असेल, तर त्याची फेरतपासणीची तारीख शेजाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. कोणी सोबत जावे, कोणी त्या दिवशी पोरे सांभाळावीत. त्या आईने दिलेली किडनी एकट्या मुलाने राखायची होती. तो एकटा पडला, एवढाच त्याचा दोष.