सदाफुली आणि गावकुत्रा

झाडपाल्याने कर्करोग बरा होतो काय? भाबडा होकार आणि कुत्सित नकार, दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. सदाफुलीपासून काढलेल्या व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. कुत्र्यांना समागमातून जडणारी जननेंद्रियावरची रक्ताळ गाठ याच औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी, बहुधा चार ते सहा आठवड्यांत, बरी होते. म्हणून पाला वाटून पाजणे हा मात्र उपचार नव्हे. पाल्यात औषध अत्यल्प, विषाची मात्रा अनिश्चित. शुद्ध औषधही शिरेबाहेर सांडले तर मांस जाळते!

आपण मात्र अशा कुत्र्याला दगड मारून वेशीबाहेर हाकलतो, आणि सदाफुली अंगणात फुलतच असते. दगड टाकून त्याला पशुवैद्याकडे नेण्याइतकी माणुसकी शिकलेल्यांनी तरी दाखवू नये काय?