हात फक्त पोळ्यांसाठी?

मनगटाचं प्लास्टर निघालं की घरचे आधी विचारतात, ‘आता पोळ्या जमतील ना?’ सतारीचं कोणी विचारत नाही! युरोपातल्या जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली. उरलेल्या बोटांवर त्याने गिटार पुन्हा बसवली. पंडित रविशंकर नोव्हेंबर २०१२ मध्ये, ९२ व्या वर्षी, प्राणवायू लावून मैफलीला बसले. आपण मात्र चाळिशीतच सतार माळ्यावर टाकतो.

डॉक्टरांना विचारून, तारा थोड्या उतरवून मी मानखुर्दच्या घरात रोज दहा मिनिटं वाजवते. मींड अर्धीच येते; दुखलं की थांबते. तेवढा वेळ कुकर दुसऱ्या कोणी बघावा. पोळपाट-लाटण्यापुरता हात बरा होऊन भागणार नाही, हे आधी आपणच घरात सांगायला हवं.