पोस्टर पुरे, आता कागद जमवा

परवा आमच्या ग्रुपवर अब्दुल करीम खत्ताबींचा फोटो आला. खाली त्यांच्या नावाने एक खणखणीत वाक्य. मी विचारलं, "हे ते कधी, कुठे म्हणाले?" उत्तर आलं, "भाई, जज्बा बघा ना!"

जज्बा बघितला. पण जज्बा पुरावा होत नाही.

मोरोक्कोच्या उत्तरेला रीफच्या डोंगरांत 1921 ते 1926 एक प्रजासत्ताक उभं होतं. जुलै 1921 मध्ये अन्वालला रीफच्या लोकांनी स्पेनच्या फौजेची दाणादाण उडवली. पुढे फ्रान्स आणि स्पेन एकत्र आले. मे 1926 मध्ये खत्ताबींनी शरणागती पत्करली, फ्रान्सने त्यांना रियुनियन बेटावर धाडलं. त्यांच्या आठवणी 1927 मध्ये छापल्या त्या एका फ्रेंच पत्रकाराने, फ्रेंचमध्ये. म्हणजे त्यांचा शब्दही जिंकणाऱ्यांच्या भाषेतून आपल्यापर्यंत आला.

स्पेनने रीफवर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. हे जगापुढे कशाने आलं? घोषणांनी नाही. कुंझ आणि म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी जुनी कागदपत्रं उपसली आणि 1990 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अन्वालच्या पराभवाची चौकशी स्पेनच्याच जनरल पिकासोंनी केली होती. सप्टेंबर 1923 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा एका खासदाराने ती फाइल दडवून ठेवली. 1998 मध्ये त्याच्या वारसांनी ती संसदेला परत दिली. हरलेल्या बाजूनेही कागद जपला. आणि आपण? आपण फिल्टर लावून फोटो फिरवतो.

काही जण म्हणतील, कागद खोदले तर नको ते निघेल. निघू दे की! लढ्याआधी खत्ताबी मेलिल्यात स्पेनच्या नोकरीत होते, काझी होते, तिथल्या स्पॅनिश वर्तमानपत्रात अरबी मजकूर लिहायचे. यामुळे माणूस लहान होत नाही, खरा होतो. ज्याचा हिरो एका जुन्या पगारपत्रकाने कोसळतो, त्याने हिरो नव्हे, पुतळा पाळलाय.

"पण आर्काइव्ह त्यांच्याच ताब्यात आहेत, आपण काय करणार?" हा बहाणा आता चालणार नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एंट्री कुणी केली, कधी केली, हे नसेल तर डेटा कचरा समजतात. इतिहासालाही तोच नियम लावा. स्कॅन मिळाला की मूळ कुठे आहे, तारीख काय, भाषा कोणती, कुणी उतरवून घेतलं, हे सोबत लिहा. मूळ माहीत नसेल तर तसं स्पष्ट नोंदवा. रीफची पत्रं अरबीतही आहेत. आपल्यात मदरशात अरबी शिकलेले आहेत, कोड लिहिणारेही आहेत. दोघं एका टेबलावर बसतच नाहीत, अडचण इथे आहे.

पुढच्या वेळी फोटो फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: कागद कुठे आहे? उत्तर नसेल तर बोट थांबवा आणि शोधायला लागा.