दोघांची कयाक, चौघांचं कुटुंब

दिवाळी उरकली की हवेच्या कयाकची चौकशी सुरू होते. धरणं भरलेली असतात, ऊन सोसवतं, मुलांना सुट्टी असते. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: किती जणांची आहे? आपण खोक्यावरचा आकडा वाचून दाखवतो आणि बिल फाडतो. विक्रेते, भाड्याने बोटी देणारे आणि प्रशिक्षक, तिघांनाही या वेळी आमचं सांगणं एकच आहे: या प्रश्नाचं उत्तर असं देऊ नका.

बाजारात सर्रास मिळणारी इंटेक्सची एक्सप्लोरर के-२ घ्या. लांबी ३१२ सेंटिमीटर, रुंदी ९१, भारमर्यादा १८० किलो. बोट दोघांची. पण घेणारं कुटुंब चौघांचं असतं आणि मुलं काय, मध्ये बसतील, असा हिशेब त्यांनी घरीच केलेला असतो. नवरा ७५ किलो, बायको ६०, मुलं ३० आणि २०. झाले १८५. यात डबा, पाण्याच्या बाटल्या आणि भिजलेले कपडे धरलेलेच नाहीत. मर्यादा ओलांडली म्हणून कयाक लगेच बुडत नाही, आणि घोळ तिथेच आहे. ती तरंगत राहते, पण खोल बसते, वळता वळत नाही, कडेवरून पाणी घेते. मध्ये मूल बसलं की वल्ह्याला जागा उरत नाही. आमच्या मते कुटुंबासाठी छापील मर्यादेच्या दोनतृतीयांशावर थांबावं. म्हणजे १८० किलोची बोट १२० किलोची समजायची: एक मोठं माणूस, एक मूल आणि थोडं सामान. चौघांना दोन बोटी लागतात. विक्रेत्याने दोन घ्या म्हटलं की गिऱ्हाईकाच्या कपाळाला आठी पडणार, हे आम्हालाही कळतं. मग एक घेऊन आळीपाळीने बसा म्हणावं. काठावर एक जाणता माणूस उभा राहतो, हा त्यातला फायदाच.

हे सगळं काउंटरवरच का सांगायचं? राज्य सरकारने २४ ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरचे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं आलं. ते चांगलंच झालं. पण हे सगळं उपक्रम चालवणाऱ्याला लागू. स्वतःची बोट विकत घेऊन रविवारी निघालेल्या कुटुंबाला ना प्रशिक्षक भेटतो, ना सूचनांचा फलक. पाण्यात उतरण्याआधी त्याला जी काही माहिती मिळेल ती दुकानातल्या दहा मिनिटांत. आणि आपलं गिऱ्हाईक पाण्यातलं नाही. नाशिक जिल्ह्याचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला, तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. चांदवड दुष्काळी; वल्हं त्याच्या हाती आलं ते फौजेत गेल्यावर. नाशिक रोडला जेल रोडच्या सोसायटीतल्या आईबापांनी तरी ते कुठे धरलेलं असणार?

गिऱ्हाईकाला भीती असते पंक्चरची. खरं तर बऱ्या बोटीला दोनतीन वेगळे कप्पे असतात, एक गेला तरी बाकीचे तगवून धरतात. भ्यायचं ते वाऱ्याला. हवेची कयाक वजनाला हलकी आणि पाण्यावर उंच बसणारी, त्यामुळे वारा तिला पोटाशी धरतो. आपल्याकडच्या नद्या सह्याद्रीवरून उतरून पूर्वेकडे जातात. म्हणून गंगापूर धरण असो की १९१६ सालचं दारणा, फुगवटा वरच्या, पश्चिमेच्या अंगाला आणि भिंत खालच्या अंगाला. मार्चनंतर दुपारी सुटणारा वारा बहुधा पश्चिमेचा. हात थकले, वल्हं खाली ठेवलं, की बोट आपोआप भिंतीच्या दिशेने सरकू लागते, म्हणजे जिथे जायला मनाईच असते त्याच बाजूला. मग दोन मुलांना पुढ्यात घेऊन वाऱ्याविरुद्ध परतायचं. उपाय साधे आहेत: उन्हाळ्यात दहाच्या आत पाण्याबाहेर, जाताना वाऱ्याविरुद्ध जायचं म्हणजे येताना तो मदतीला येतो, आणि काठ कधी सोडायचा नाही. तळाला लावायचं पातं घरी विसरणारे पुष्कळ, त्यांची बोट जागच्या जागी भोवरा घेते. ते पातं पिशवीत नव्हे, गिऱ्हाईकाच्या हातात द्या.

याचा अर्थ हवेची बोट म्हणजे खेळणं, असा नाही. हवाईच्या ऑड्री सदरलँड या बाईंनी साठीच्या सुमारास अलास्काचा किनारा अशाच छोट्या हवेच्या बोटीतून एकटीने धरला आणि पुढे वर्षानुवर्षं त्या तिथे जात राहिल्या. पण त्या हवामान आणि भरती-ओहोटी बघून निघत. आपण निघतो ते मुलांचा क्लास संपल्यावर.

हवेच्या दाबाचा विषय आपल्या धंद्यात सगळ्यांत कमी बोलला जातो. साध्या पीव्हीसीच्या नळ्यांच्या बोटीत दाब जेमतेम १ पीएसआय असतो. आत हजारो दोरे शिवलेल्या कडक तळाच्या, म्हणजे ड्रॉपस्टिच बोटीत तो ८ ते १०. आता पहाटे २० अंशांत फुगवलेली साधी बोट दुपारी काठावर उन्हात पडली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली असं धरा. नाशिकच्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब सुमारे पावणेचौदा पीएसआय, तापमानाने वाढतो तो दोन्ही मिळून होणारा एकूण दाब. कापड अजिबात ताणलं नाही तर १ चे अडीच होतात. कापड ताणतं, म्हणून प्रत्यक्षात वाढ त्याहून कमी, पण तो ताण शिवणी सोसतात. ड्रॉपस्टिचमध्ये तीच वाढ ८ वरून दहाच्या थोडी पुढे, म्हणजे पंचवीस-तीस टक्के. स्वस्त बोटी मे महिन्यात सांध्यावर उसवतात त्याचं कारण बहुतेकदा इथे असतं. उलटही घडतं. उन्हात टम्म फुगवलेली बोट गार पाण्यात टाकली की मऊ पडते, आणि सोमवारी गिऱ्हाईक ‘हवा गळतेय’ म्हणून परत आणतं. बदलून देण्याआधी साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडा आला नाही तर दोष तापमानाचा. पाण्यावर बोट गार होऊ द्यायची, मग वरून थोडी हवा भरायची, आणि जेवायला काठावर आलं की थोडी सोडून बोट सावलीत ओढायची. दाब मोजायचं मीटर फुकट दिलंत तरी चालेल, नुसता पंप विकू नका.

जॅकेटबद्दल थोडक्यात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं आणि तेही मदत जवळ असताना. ज्याला पोहता येत नाही त्याला किमान १०० न्यूटन, लहान मुलाला कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा. अंगात घालून दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ हा आपला कपडेखरेदीचा नियम इथे चालत नाही.

कुठे जायचं हेही विचारा. गंगापूर हा नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचा साठा, तिथे बोट क्लब आहे म्हणून कुठूनही उतरता येतं असं नाही. जलाशय जलसंपदा विभागाचे, परवानगी आधी. जवळचं म्हणून नाशिक रोडकर दारणेकडे बघतात, पण चेहेडीच्या बंधाऱ्यावरून तर आपलंच पिण्याचं पाणी उचललं जातं, आणि वालदेवीतून जवळच काय येऊन मिळतं ते नाकाला कळतं. वरच्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं तर दारणेचं पात्र बघता बघता चढतं, म्हणून आवर्तनाची तारीख माहीत नसेल तर नदीत उतरूच नये. सायखेड्याच्या अंगाला पानवेली. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आणि रामसर स्थळ, तिथे पक्षी काठावरूनच बघायचे.

उरतं घरचं. आपल्या गिऱ्हाईकाच्या गाडीत डिकीभर सीएनजीचं सिलिंडर असतं आणि घराला लिफ्ट नसते. त्यामुळे पिशवीचं वजन दुकानातच उचलून बघायला लावा. बोट ओली गुंडाळली की बुरशी धरते आणि माळ्यावर उंदीर लागतात. पंक्चर झालंच तर ती बिटको चौकाजवळच्या सायकलवाल्याकडे जाणार हे गृहीत धरा. त्याचं रबराचं सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही, ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं. योग्य गोंदाची ट्यूब आणि त्याच कापडाचे तुकडे बोटीबरोबरच द्या, आणि एक ठिगळ गिऱ्हाईकाकडून तिथेच लावून घ्या. शक्य असेल त्यांनी नोंदणीकृत केंद्राशी बोलून विकत घेण्याआधी एक सकाळ भाड्याने देऊन बघावी. काही जण मग घेणार नाहीत. घेतील ते मात्र दुकानात येऊन किती जणांची आहे हे विचारणार नाहीत.